वारीतले गुडघे, शिरा आणि सांधे
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात ठाकुर्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या जागेवर कीर्तनकारांनी उभं राहायचं. आम्ही औषधाच्या टेम्पोतली माणसं. आम्ही म्हणजे एक हाडांचा डॉक्टर, एक व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ ताई आणि मलमपट्टी करणारे दोघे सेवेकरी. दिंडी पुढे चालते, आम्ही मागून येतो, आणि मुक्कामाला तुमचे पाय आमच्या पुढ्यात येतात. शताब्दीचं निमित्त साधून विश्वस्तांनी सांगितलं, की तुम्हीही चार शब्द बोला, पुस्तकात छापू. म्हटलं, बोलू. पण बोलायचं तर आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरंदावड्याचं गोल रिंगण झालं. अश्व धावले, मग नेहमीप्रमाणे उडीचे खेळ, फुगड्या. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, माळावरची काळी माती चिकट झाली होती. आपल्याच दिंडीतली एक ताई, वय चाळिशीच्या आतलं, फुगडी घालत होती. पाऊल मातीत रुतलं आणि अंग गर्रकन फिरलं. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, तिनेही ऐकला आणि तिच्या जोडीदारणीनेही. तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. संध्याकाळी ती टेम्पोपाशी आली. आम्ही काय केलं? गर्दी होती, पन्नास माणसं रांगेत होती. दुखण्याची गोळी दिली, पट्टा गुंडाळला आणि विचारलं, ‘पाय टेकतोय ना?’ ती म्हणाली, ‘टेकतोय.’ म्हटलं, ‘मग चला हळूहळू, माउली नेईल.’

ती चालली. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला पोचली, दर्शन झालं. परत आल्यावर ठाकुर्ली स्टेशनचा जिना उतरताना गुडघा अचानक सटकला. पुढे दोन-तीनदा तसंच झालं. मग एके दिवशी गुडघा अडकूनच बसला, सरळ होईना. एमआरआय काढला तेव्हा कळलं, की आतलं लिगामेंट रिंगणातच तुटलं होतं, आणि त्यानंतर गुडघ्यातली गादीही फाटली होती. गादीचा एक तुकडा काढून टाकावा लागला. आजही तिला भजनाला मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची लागते. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. त्याने आमचं ओझं काही हलकं झालेलं नाही.

आता गुडघ्यात नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे आम्ही काय चुकलो ते तुमच्या ध्यानात येईल.

आपण बोलताना सगळ्यालाच ‘शीर’ म्हणतो. शीर ताणली, शीर धरली, शिरेवर शीर चढली. पण आत दोन वेगळे दोर असतात. स्नायूला हाडाशी बांधतो तो दोर म्हणजे कंडरा. टाचेच्या वर हाताला लागते ती जाड, ताठ दोरी ही कंडराच. स्नायू ओढतो, कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचवते. हाडाला हाडाशी बांधतो तो दुसरा दोर, त्याला हल्ली सगळेच लिगामेंट म्हणतात. बैलगाडीचं उदाहरण घ्या. बैलाची ओढ गाडीपर्यंत नेणारे दोर वेगळे आणि गाडीची लाकडं जागेवर धरून ठेवणाऱ्या बांधण्या वेगळ्या. बांधणी सुटली तरी गाडी थोडी चालते, पण प्रत्येक वळणावर करकरते आणि लाकूड लाकडाला घासतं.

गुडघ्याच्या मधोमध अशा दोन बांधण्या एकमेकींवर फुली मारून असतात. पुढची तुटते ती बहुधा पाऊल रोवलेलं असताना अंग फिरल्यामुळे. क्रिकेटवाल्याची, कबड्डीवाल्याची तीच, आणि फुगडीवालीचीही तीच. हिचा स्वभाव असा, की ती तुटली की आपणहून क्वचितच नीट जुळते. त्वचा जुळते, हाडही जुळतं, मग हीच का नाही? कारण जखमेवर रक्ताची गुठळी धरली तर तिच्यावर नवा जीव धरतो. गुडघ्याच्या आत सतत एक वंगणाचं पाणी फिरत असतं, ते ती गुठळी टिकूच देत नाही. दोन टोकं समोरासमोर असली तरी मध्ये पूल बांधला जात नाही.

गादीची तऱ्हा आणखी वेगळी. चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. १९८२ साली अमेरिकेत आर्नोझ्की आणि वॉरन या संशोधकांनी दाखवून दिलं, की या गादीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला. आतला बहुतेक भाग रक्तावाचून असतो. म्हणून कडेला फाटली तर टाका धरतो, आत फाटली तर बहुधा धरत नाही. पूर्वी डॉक्टर मंडळी फाटलेली गादी सरसकट काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले, तर त्यांत झिजेची लक्षणं दिसू लागली होती. तरीही गादी वाचवायला लागलं पाहिजे हे सगळ्यांच्या गळी उतरायला पुढे कित्येक वर्षं गेली. आमच्या धंद्यातही परंपरा सुटायला वेळ लागतो, महाराज.

म्हणजे आमची चूक अशी : बांधणी तुटलेल्या गुडघ्यावर आम्ही त्या ताईला पुढचे मुक्काम चालवलं. सैल गुडघा पावलागणिक पुढेमागे सरकतो आणि त्यात गादी चिरडते. लगेच ऑपरेशन करायला हवं होतं असं नव्हे. ते नंतर निवांत ठरवता आलं असतं. तिला टेम्पोत बसवायला हवं होतं, एवढंच. आणि तेवढंच आम्हाला सुचलं नाही.

‘लिगामेंट तुटलं म्हणजे ऑपरेशन आलंच’ असं पुष्कळांना वाटतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्या ५९ जणांना आधी नेटाने व्यायाम दिला, आणि गुडघा सटकतच राहिला तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांची तब्येत सारखीच. व्यायामाच्या गटातल्या २३ जणांना मागाहून ऑपरेशन लागलं, पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० झाला. म्हणजे साधारण निम्म्यांचं काम व्यायामावर भागलं, निम्म्यांचं नाही. कोणाचं भागेल हे एमआरआयचा कागद एकटा सांगत नाही. गुडघा सटकतो का, हे विचारावं लागतं. तुमचं काम काय, जिने किती, डोक्यावर हंडा की तुळस, हेही विचारावं लागतं.

आणि ऑपरेशन केलं तर? तुटलेलं लिगामेंट टाके घालून क्वचितच साधतं. मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन तिचा नवा दोर गुडघ्यात ओवतात. आंब्याचं कलम करतात ना, तसं हे कलम. बसवलं तेव्हा त्यात जीव नसतो, रक्तपुरवठा तुटलेला असतो. हळूहळू आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि जुन्या दोराचं नव्या लिगामेंटात रूपांतर होतं. याला वर्षभर लागतं, कधी जास्तही. गंमत अशी, की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, सूज उतरते, माणसाला वाटतं आपण बरे झालो. आणि कलम मात्र त्याच सुमाराला सगळ्यात कच्चं असतं. नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की खेळायला परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं पुढे ढकलावं, तितका दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. नऊ महिने म्हटल्यावर समोरच्या आज्या हसल्या! बरोबर आहे, कच्चं बाहेर काढू नये हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

तुमच्या नातवंडांना ऋषभ पंत माहीत आहे. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ त्याची गाडी दुभाजकाला धडकली, गुडघ्याची लिगामेंटं तुटली. त्याला मुंबईला आणलं, अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात जानेवारी २०२३ मध्ये डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या पथकाने शस्त्रक्रिया केली. तो पुन्हा सामन्यात उतरला मार्च २०२४ मध्ये. विशीतला पोरगा, दिमतीला उत्तमातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ, तरी वर्षाच्या वर काळ गेला. आणि आपले एक टाळकरी ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात विचारतात, ‘डॉक्टर, आषाढी जवळ आली, आता चालू ना?’

आता बाकीच्यांचं. इथे बसलेल्यांत साठी ओलांडलेले बरेच आहेत. तुमचा गुडघा दुखतो, कोणीतरी एमआरआय काढायला लावतो, कागदावर ‘गादी फाटली’ असं येतं आणि घरात रडारड. थोडं थांबा. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, २००८ साली ते छापून आलं. तिघांमागे एकाची गादी फाटलेली किंवा झिजलेली निघाली. त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिन्याभरात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. केस पिकतात, तशी गादीही पिकते.

मग दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करून घ्यायचा का? याचा निवाडा ज्या पद्धतीने झाला ती ऐका. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर अभ्यास झाला. काहींची दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली, आणि काहींच्या त्वचेवर नुसते छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. रुग्णांना आधी विचारून, त्यांची संमती घेऊन, बरं का. दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये हाच प्रकार झिजेने फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांवर केला. वर्षभराने खरी आणि लटकी शस्त्रक्रिया यांत फरक दिसला नाही. तेव्हा वयामुळे झिजलेल्या गुडघ्याला आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन थोडं उतरवणं आणि चालण्याची सवय. मात्र गुडघा अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर तो प्रश्न वेगळा, त्याला दाखवायलाच हवं. आणि झीज पार टोकाला गेली असेल तर सांधा बदलतात. आपल्याकडे त्यात मांडीचा आणि उकिडवं बसण्याचा प्रश्न येतो, तो परदेशी लोकांना फारसा पडत नाही. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांचा गुडघा आणि बसण्या-उठण्याची रीत डोळ्यांपुढे ठेवून ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

गुडघ्यावरच फार वेळ गेला. पण बोटाविषयी बोलल्याशिवाय आमच्याने खाली बसवणार नाही, कारण समोर मृदंगमणी बसले आहेत. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव घेत नाही.

कारखान्यात काम करताना पत्र्याची धार लागून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मुळाशी कापलं. रक्त थांबवलं, वरची कातडी शिवली, जखम भरली. पण बोट वाकेना. बोट वाकवणारी कंडरा आत तुटलेली होती आणि तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे आले ते सहा-सात आठवड्यांनी. तोवर तुटलेलं टोक तळहातात मागे ओढलं गेलं होतं आणि बोटातली वाट बुजली होती.

तळहाताच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एका अरुंद नळीतून जातात. तिथे शिवलं की ती नळीच्या भिंतीला चिकटते. अमेरिकेचे स्टर्लिंग बनेल हे हाताच्या शस्त्रक्रियेतले थोर पुरुष. त्यांनी या जागेला दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्याचं नाव दिलं, म्हणजे इथे कोणी शिरू नये. कित्येक वर्षं शिकवण अशीच होती, की तिथे कंडरा शिवू नका, कातडी बंद करा, मागाहून दुसरी कंडरा बसवा. शिवली तरी बोट आठवडेच्या आठवडे प्लॅस्टरमध्ये स्थिर ठेवत, नाहीतर टाका तुटेल ही भीती. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लाइनर्ट आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हर्डन यांनी दाखवलं, की तिथेही ताबडतोब शिवता येतं. क्लाइनर्ट यांची युक्ती साधी होती : नखाला एक रबर बांधायचं. रबर बोट वाकवतं, त्यामुळे शिवलेल्या कंडरेवर ताण येत नाही, आणि रोगी स्वतः बोट थोडं थोडं सरळ करतो. कंडरा नळीत मागेपुढे सरकत राहते, म्हणून चिकटत नाही. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तेच दिसलं, की बेताने हलवलेली कंडरा स्थिर ठेवलेलीपेक्षा जास्त मजबूत जुळते. पण बेताने. पहिले काही आठवडे टाका कच्चा असतो. वजन उचलायला, जोर लावायला साधारण बारा आठवडे थांबावं लागतं.

हाताच्या बाबतीत आपल्या मुंबईनेही मोठं काम केलं आहे. डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळ्या बाहेरून जोडून एक साधं, स्वस्त साधन बनवलं. त्यांच्या नावावरून त्याला ‘जेस’ म्हणतात. मोडलेली, आखडलेली बोटं त्याने सांभाळतात, आणि जन्मतः वाकडी पावलं असलेल्या बाळांच्या आवळलेल्या शिरा रोज थोड्या थोड्या ताणून पाऊल सरळ करतात. एका झटक्यात ताणलं तर फाटेल, रोज दोरा-दोराने ताणलं तर वाढेल, हे त्यामागचं तत्त्व.

आपल्या मृदंगमण्यांच्या बोटात आधी एक मऊ सिलिकॉनची कांडी ठेवून नळीची वाट तयार करावी लागली. तीन महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत मनगटातली एक जादा कंडरा काढून तिथे ओवली. ही जादा कंडरा तुमच्याही हातात असेल. आत्ताच बघा, अंगठा करंगळीला लावा आणि मनगट थोडं वाकवा. मधोमध एक दोरी वर आली? तीच. ज्यांना नाही आली त्यांनी घाबरू नका, काहींना ती नसतेच आणि काही अडत नाही. देवाने सुटा भाग ठेवून दिला आहे असं आम्ही गमतीने म्हणतो.

बोट आता वाकतं, पण पुरतं नाही. ते स्वतः म्हणतात, ‘थाप पडते, पण बोल सुटा निघत नाही.’ पहिल्याच दिवशी कोणी म्हटलं असतं, की बाबा, बोट हलवून दाखव, तर एवढं झालं नसतं. म्हणून कोयता, काच, पत्रा, कशानेही हात कापला तर रक्त थांबल्यावर एकेक पेर वेगळं वाकवून पाहा. वाकलं नाही, तर त्याच दिवशी हाताच्या डॉक्टरकडे.

टाचेच्या दुखण्याबद्दल थोडक्यात. स्नायू काही आठवड्यांत चालण्याला तयार होतो, कंडरेला महिने लागतात. वर्षभर खुर्चीत बसून आषाढात एकदम आळंदीहून निघालं, की दिवे घाटात टाच बोंब मारते. स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांना पळण्यामुळे स्वतःलाच हे दुखणं होतं. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची, हा व्यायाम त्यांनी १५ रुग्णांना बारा आठवडे दिला, १९९८ मध्ये ते छापलं. तो आता जगभर देतात. ठाकुर्लीकरांना पायऱ्यांची काय कमी! चैत्रात सुरू करा.

आता दिंडीपुढे आमचं एक मागणं आहे. वारीत कोणाचा गुडघा मुरगळला, ‘कट्’ आवाज आला, दोन-तीन तासांत सुजला, तर आत रक्त साचलं आहे असं धरा. तेल चोळू नका, शेकू नका, कोणाकडून ओढून घेऊ नका. बर्फ लावा, पट्टा बांधा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी एक सोपा नियम घालून दिला आहे, की जखमी माणसाला चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचाच. वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा गुडघा काटकोनात वाकत नसेल, तरीही काढायचा. पण चार पावलं टाकता आली म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. ती ताई चार पावलं सोडा, पंढरपूरपर्यंत चालली होती. आणि दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेत चालू नका. उन्हात पाणी कमी पडलं, त्यात साखरेचा आजार असला, तर त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

टेम्पोत बसायला माणसं लाजतात हे आम्हाला ठाऊक आहे. ‘एवढी वर्षं पायी केली, आता गाडीत बसू?’ असं म्हणत दुखणं लपवतात. विश्वस्तांशी आम्ही बोललो आहोत. यंदापासून औषधाच्या टेम्पोत पुढची दोन आसनं मोकळी राहतील, तिथे पिशव्या ठेवायच्या नाहीत. त्यांतल्या एका आसनावर पहिल्या दिवसापासून ती ताई बसणार आहे. सपाटीला जेवढं जमेल तेवढं ती चालेल, घाटात आणि चिखलात वर चढेल. हे तिनेच सुचवलं. ती म्हणाली, ‘मी बसलेली दिसले, की बाकीच्यांना बसायला लाज नाही वाटायची.’

कार्यक्रम झाल्यावर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूला थांबतो आहोत. ज्यांचा गुडघा सटकतो किंवा अडकतो त्यांनी आधी या, नुसता दुखणाऱ्यांनी मागून. एमआरआयचे कागद असतील तर आणा, नसतील तरी चालेल.

रामकृष्ण हरी.